कूलिंग टॉवरचे आकारमान आणि पाण्याचा हिशेब : उंबरमाळी ते मुंबई

सारांश

मोठ्या इमारतींमधील वातानुकूलन यंत्रणा खोल्यांतील उष्णता नष्ट करीत नाही; ती उष्णता इमारतीबाहेर नेऊन टाकते. हे काम करणाऱ्या साधनांपैकी कूलिंग टॉवर, म्हणजेच शीतलन मनोरा, हे एक प्रमुख साधन होय. त्याचे आकारमान ठरविताना हवेचे कोरडे तापमान नव्हे, तर ओल्या फुग्याचे तापमान निर्णायक असते. परदेशी प्रमाणांवर आधारलेले टनांचे आकडे कोकणच्या दमट हवेला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. प्रस्तुत लेखात आकारमान ठरविण्याची रीत एका ५०० टनी उदाहरणाच्या साहाय्याने स्पष्ट केली असून, मनोऱ्यातून उडून जाणाऱ्या पाण्याचा संबंध ते पाणी पुरविणाऱ्या शहापूर तालुक्याशी जोडून दाखविला आहे.

बीजसंज्ञा : कूलिंग टॉवर, ओल्या फुग्याचे तापमान, रेंज, अ‍ॅप्रोच, ब्लोडाउन, भातसा, तानसा, शहापूर.

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यान उंबरमाळी हे छोटे स्थानक लागते. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेला हा शहापूर तालुक्याचा डोंगराळ भाग. येथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. परंतु कातळावरील मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र असल्यामुळे तो जमिनीत फारसा मुरत नाही. परिणामी, मुंबईची तहान भागविणारे तानसा व भातसा हे जलाशय ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. पुढे मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज मुंबईच्या पाणीपुरवठ्यापैकी जवळजवळ निम्मा भाग एकट्या भातसा जलाशयातून येतो.

या पाण्याचा काही अंश मुंबईत पोहोचल्यावर पिण्यासाठी किंवा धुण्यासाठी वापरला जात नाही. तो उंच इमारतींच्या गच्चीवरून वाफेच्या रूपाने हवेत सोडला जातो. इमारतींच्या शीतलनाचा विषय हा वरकरणी केवळ यंत्र-अभियांत्रिकीचा वाटतो. पण त्याचे दुसरे टोक उंबरमाळीसारख्या गावांच्या पाणवठ्याशी येऊन भिडते. म्हणूनच मनोऱ्याचे आकारमान कसे ठरते, त्यात कोणत्या चुका संभवतात आणि त्यात किती पाणी खर्ची पडते, याचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.

माठ आणि मनोरा : एकच तत्त्व

शहापूर परिसरातील कोणत्याही घरात उन्हाळ्यात आढळणारा मातीचा माठ आणि मुंबईतील गच्चीवरचा कूलिंग टॉवर यांचे कार्यतत्त्व एकच आहे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपलेले पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि जाताना उरलेल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. एक किलोग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन होताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तेवढेच पाणी नुसते ५ अंशांनी तापविण्यास जेमतेम २१ किलोज्यूल पुरतात. बाष्पीभवनाचे सामर्थ्य या तुलनेतून स्पष्ट होते.

चैत्र-वैशाखात माठातील पाणी थंडगार होते, पण आषाढात हवा त्याहून कमी तापलेली असूनही माठ म्हणावे तसे काम करीत नाही, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. याचे कारण असे की बाष्पीभवन हवेच्या उष्णतेवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. हा कोरडेपणा मोजण्याची सोपी रीत म्हणजे तापमापकाच्या फुग्याभोवती ओले कापड गुंडाळून त्यावर वारा खेळविणे. त्या वेळी तापमापक जे तापमान दाखवितो, त्यास ओल्या फुग्याचे तापमान असे म्हणतात. बाष्पीभवनाच्या मार्गाने पाणी या तापमानाच्या खाली थंड करता येत नाही. मनोरा कितीही मोठा बांधला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

दोन उदाहरणे घेऊ. हवेचे तापमान ४० अंश सेल्सियस व सापेक्ष आर्द्रता २५ टक्के असल्यास ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २४ अंश भरते. याउलट हवा ३३ अंश व आर्द्रता ६८ टक्के असल्यास ते सुमारे २८ अंश होते. पहिली स्थिती डोंगरपायथ्याच्या कोरड्या दुपारी संभवते. दुसरी स्थिती मान्सूनपूर्व काळातील किनारपट्टीची आहे. माणसाला पहिली हवा अधिक तापलेली असली, तरी कूलिंग टॉवरला मात्र तीच अधिक अनुकूल ठरते.

आकारमान ठरविणारे चार घटक

कूलिंग टॉवरचे आकारमान चार राशींवर अवलंबून असते : बाहेर टाकावयाची उष्णता, पाण्याचा प्रवाह, रेंज आणि अ‍ॅप्रोच. मनोऱ्यात येणाऱ्या गरम पाण्याचे व बाहेर पडणाऱ्या थंड पाण्याचे तापमान यांतील फरक म्हणजे रेंज. बाहेर पडणाऱ्या थंड पाण्याचे तापमान आणि ओल्या फुग्याचे तापमान यांतील फरक म्हणजे अ‍ॅप्रोच. या दोहोंमध्ये गल्लत होण्याचा संभव असतो. रेंज ही उष्णताभार व प्रवाह यांच्या भागाकारातून येते, तिच्यावर मनोऱ्याचे नियंत्रण नसते. अ‍ॅप्रोच मात्र मनोऱ्याच्या क्षमतेचा खरा निदर्शक होय. अ‍ॅप्रोच जितका कमी हवा, तितका मनोरा मोठा लागतो. आणि ही वाढ सरळ प्रमाणात होत नाही. अ‍ॅप्रोच ५.५ अंशांवरून २.८ अंशांवर आणावयाचा झाल्यास मनोरा साधारणपणे दीडपटीहून मोठा होतो. २.८ अंशांहून कमी अ‍ॅप्रोचची हमी उत्पादक सहसा देत नाहीत.

या संबंधांना शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय जर्मन अभियंता फ्रीड्रिख मेर्केल यास जाते. पाण्यापासून हवेकडे होणारे उष्णतेचे व बाष्पाचे वहन या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पाण्याच्या पृष्ठभागालगतची संपृक्त हवा आणि मनोऱ्यातून वाहणारी हवा यांच्या एकूण उष्णतांशातील फरक हीच प्रेरक शक्ती मानली, तर या दोन्ही क्रिया एकाच समीकरणात बसविता येतात, हे त्याने १९२५ मध्ये दाखविले. आजच्या संगणकीय आकारमान-पद्धतींच्या मुळाशीही हीच कल्पना आहे.

‘टन’ या शब्दाचा घोटाळा

वातानुकूलनात ‘टन’ हे वजनाचे नव्हे तर शीतलनक्षमतेचे एकक आहे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितका हा दर असून तो ३.५१७ किलोवॅट इतका भरतो. चिलरने खोलीतून एक टन उष्णता उचलली की तीत कॉम्प्रेसरला पुरविलेल्या विजेची उष्णता मिसळते आणि दोहोंची बेरीज कंडेन्सरमार्गे मनोऱ्याकडे येते. म्हणून अमेरिकेतील प्रघातानुसार कूलिंग टॉवरचा एक टन ३.५१७ नव्हे, तर सुमारे ४.४ किलोवॅट धरला जातो. जपानी प्रघातात तो ३,९०० किलोकॅलरी प्रतितास, म्हणजे सुमारे ४.५ किलोवॅट आहे.

खरी अडचण आकड्यात नसून त्यामागील हवामानात आहे. अमेरिकी नाममात्र टन ज्या स्थितीत मोजला जातो, तीत पाणी ३५ अंशांवरून २९.४ अंशांवर येते आणि ओल्या फुग्याचे तापमान २५.६ अंश असते. जपानी मापनात पाणी ३७ वरून ३२ अंशांवर येते व ओल्या फुग्याचे तापमान २७ अंश असते. मुंबईसाठी मात्र हे तापमान २८ अंशांच्या आसपास, किंवा त्याहून किंचित अधिक धरावे लागते. माहितीपुस्तिकेत ‘५०० टन’ असे छापलेले आहे, म्हणून मनोरा कोकणात ५०० टनांचे काम करील, हे गृहीतक म्हणूनच सदोष ठरते.

अशा मनोऱ्यावर पूर्ण भार टाकला तर काय होते? मनोरा बंद पडत नाही. हवा अधिक उष्ण झाल्याने संपृक्त हवेचा उष्णतांश वेगाने वाढतो, त्यामुळे अ‍ॅप्रोच थोडा आकसतो. तरीही बाहेर पडणारे पाणी अपेक्षित २९.४ अंशांऐवजी ३१ अंशांच्या आसपास राहते. कंडेन्सरच्या पाण्याचे तापमान एका अंशाने वाढल्यास कॉम्प्रेसरची वीज साधारण दोन ते तीन टक्क्यांनी वाढते. म्हणजेच मनोऱ्याच्या खरेदीत वाचविलेली रक्कम पुढील वीस वर्षे वीजबिलातून फेडली जाते आणि या व्यवहाराची नोंद कोणत्याही हिशेबवहीत स्वतंत्रपणे होत नाही.

कोणते तापमान निवडावे?

हवामान-सारण्यांत प्रत्येक शहरासाठी दोन प्रकारचे आकडे दिलेले असतात. एका प्रकारात सर्वाधिक कोरडे तापमान आणि त्याच वेळी आढळणारे ओल्या फुग्याचे सरासरी तापमान असते. दुसऱ्या प्रकारात ओल्या फुग्याचे सर्वाधिक तापमान स्वतंत्रपणे दिलेले असते. मुंबईत मार्च-एप्रिलमध्ये जमिनीकडून पूर्वेचे वारे वाहतात, तेव्हा पारा सर्वांत वर जातो. पण ती हवा कोरडी असल्याने ओल्या फुग्याचे तापमान त्या वेळी बरेच खाली असते. पहिला आकडा भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता मोजण्यास योग्य होय. मनोऱ्यासाठी तो घेतल्यास मनोरा निश्चितपणे लहान पडतो. मनोऱ्यासाठी दुसराच आकडा हवा. प्रचलित रीतीनुसार वर्षातील ०.४ टक्के तास, म्हणजे सुमारे ३५ तास, ज्याच्यावर जातात ते तापमान निवडले जाते.

यात आणखी एक स्थानिक बाब मिळवावी लागते. मुंबईत जागेच्या टंचाईमुळे मनोरे गच्चीवरील उंच कठड्यांमागे किंवा शोभेच्या जाळीआड लपविले जातात. मनोऱ्यातून बाहेर पडलेली दमट हवा तेथेच घुटमळते व पुन्हा आत ओढली जाते. त्यामुळे मनोऱ्याच्या तोंडाशी ओल्या फुग्याचे तापमान शहराच्या तापमानापेक्षा अर्धा ते एक अंश अधिक असू शकते. वास्तुरचनाकाराने काढलेली एक भिंत अशा रीतीने अभियंत्याचे गणित बिघडवू शकते.

एक उदाहरण

५०० टन क्षमतेची पाण्याने थंड होणारी चिलर-यंत्रणा विचारात घेऊ. तिचे शीतलन १,७५८ किलोवॅट होते. यंत्रणेचा कार्यगुणांक ५.५ धरल्यास कॉम्प्रेसरला ३२० किलोवॅट वीज लागते. म्हणून बाहेर टाकावयाची उष्णता २,०७८ किलोवॅट भरते. ५ अंश रेंज ठेवल्यास पाण्याचा प्रवाह ताशी सुमारे ३५७ घनमीटर येतो. ओल्या फुग्याचे तापमान २८ अंश व पुनरभिसरणासाठी अर्धा अंश मिळवून २८.५ अंश धरले आणि अ‍ॅप्रोच ३.५ अंश निवडला, तर थंड पाणी ३२ अंशांवर व गरम पाणी ३७ अंशांवर येते. चिलरची निवडही याच ३२ अंशांवर व्हावयास हवी. मनोरा एका तापमानावर व चिलर दुसऱ्या तापमानावर निवडला गेला, तर दोन्ही उत्पादकांची हमी कागदावर खरी ठरते आणि यंत्रणा मात्र अपुरी पडते.

वाफेवर चालणाऱ्या शोषण-चिलरच्या बाबतीत हे गणित फारच बदलते. एकपदरी शोषण-चिलरचा कार्यगुणांक सुमारे ०.७ असल्याने शीतलनाच्या जवळजवळ २.४ पट उष्णता बाहेर टाकावी लागते. साहजिकच तेवढ्याच टनांसाठी मनोरा दुपटीहून मोठा लागतो.

एवढा भार एकाच मनोऱ्यावर न टाकता दोन-तीन कक्षांत विभागणे हिताचे असते. एक कक्ष दुरुस्तीसाठी बंद ठेवता येतो आणि कमी भाराच्या वेळी सर्व कक्षांतून पाणी सोडून पंखे मंद गतीने चालविता येतात. पंख्याची वीज गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती निम्मी केल्यास विजेची गरज सैद्धांतिकदृष्ट्या एक-अष्टमांशावर येते.

पाणी कोठे जाते?

मनोऱ्यातून पाणी तीन वाटांनी जाते. पहिली वाट बाष्पीभवनाची. ती टाळता येत नाही, कारण तेच मनोऱ्याचे कार्य आहे. दुसरी वाट तुषारांची. चांगले तुषाररोधक बसविल्यास ती प्रवाहाच्या शंभराव्या टक्क्याइतकी अल्प करता येते. तिसरी वाट ब्लोडाउनची होय. शुद्ध पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. ते साचू नयेत म्हणून काही पाणी मुद्दाम सोडून द्यावे लागते. मनोऱ्यातील पाण्यात क्षारांचे प्रमाण ताज्या पाण्याच्या कितीपट होऊ द्यावयाचे, यास सांद्रता-पट म्हणता येईल. बाष्पीभवनास या पटीतून एक वजा केलेल्या संख्येने भागले की ब्लोडाउनची राशी मिळते.

वरील उदाहरणात प्रचलित सूत्रानुसार बाष्पीभवन ताशी सुमारे २.७३ घनमीटर होते. सांद्रता-पट २ ठेवल्यास तितकेच पाणी ब्लोडाउनमध्ये जाते आणि भरपाईची एकूण गरज ५.४६ घनमीटर होते. पट ३ केल्यास ती ४.१० आणि ५ केल्यास ३.४१ घनमीटर होते. पट १० पर्यंत ताणली तरी ती ३.०३ पर्यंतच उतरते. म्हणजे पहिल्या काही पायऱ्यांतच बहुतेक बचत साधते. पुढे लाभ घटतो आणि क्षार साचण्याचा व गंजण्याचा धोका वाढतो.

इमारत दिवसाला दहा तास सरासरी ७० टक्के भाराने चालते असे धरल्यास, सांद्रता-पट २ असताना रोज सुमारे ३८,२०० लिटर आणि ५ असताना २३,९०० लिटर पाणी लागते. दोहोंतील फरक १४,३०० लिटरचा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी प्रतिव्यक्ती प्रतिदिन ५५ लिटर हे प्रमाण मानले. त्या हिशेबाने हा फरकच सुमारे २६० माणसांच्या रोजच्या पाण्याइतका, म्हणजे एखाद्या पाड्याच्या गरजेइतका होतो. येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. सह्याद्रीच्या कातळावरून वाहत आलेले तानसा-भातसाचे पाणी तुलनेने मृदू व अल्पक्षारी असते; त्यामुळे ते पाच-सहा पटींपर्यंत वापरणे, योग्य प्रक्रिया व देखरेख असल्यास, अवघड नाही. कूपनलिकेच्या कठीण पाण्यास ही सवलत नसते. जेथे हे मृदू पाणी दोन पटींवरच गटारात सोडले जाते, तेथे अडचण पाण्याची नसून ब्लोडाउनची झडप कायमची अर्धवट उघडी ठेवण्याच्या सवयीची असते. क्षारमापकाशी जोडलेली स्वयंचलित झडप हा त्यावरचा साधा उपाय होय.

पर्यायांचा विचार

पाणी वाचवावयाचे तर हवेने थंड होणारे चिलर वापरावेत, असा युक्तिवाद केला जातो. तो निराधार नाही. मात्र त्याचा पूर्ण हिशेब मांडावयास हवा. अशा चिलरचा कार्यगुणांक ३ च्या आसपास असतो. ५०० टनांसाठी त्यास ५८६ किलोवॅट वीज लागते. पाण्याने थंड होणाऱ्या यंत्रणेत मनोऱ्याचे पंखे व कंडेन्सरचे पंप धरूनही ही गरज साधारण ३६० किलोवॅट असते. म्हणजे ताशी सुमारे २२५ युनिटांचा फरक पडतो. ही वीजही बहुतांशी औष्णिक केंद्रांतून येते आणि तेथेही पाणी लागते. केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांसाठी प्रति मेगावॅट-तास ३.५ घनमीटर ही कमाल मर्यादा ठरविण्यात आली. त्या दराने २२५ युनिटांमागे सुमारे ७९० लिटर पाणी खर्च होते. इमारतीत वाचणारे ३,४०० ते ५,४०० लिटर त्याहून बरेच जास्त असल्याने पाण्याची निव्वळ बचत होतेच. पण तिची किंमत वाढीव विजेच्या व कोळशाच्या रूपाने मोजावी लागते. शिवाय पाण्याचा तो उरलेला भार भातसाच्या खोऱ्यावरून उचलून औष्णिक केंद्राच्या खोऱ्यावर ठेवला जातो, हेही विसरता येत नाही.

दुसरा पर्याय इमारतीच्याच सांडपाण्याचा आहे. हात धुण्याचे व स्नानाचे पाणी शुद्ध करून मनोऱ्यास पुरविल्यास धरणाच्या पाण्यावरील ताण प्रत्यक्ष कमी होतो. मुंबईत चेंबूर येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्याने महापालिकेचे सांडपाणी शुद्ध करून औद्योगिक उपयोगात आणले आहे. तेव्हा ही कल्पना केवळ पुस्तकी नाही. मात्र अशा पाण्यात फॉस्फेट, अमोनिया व जीवाणूंचे अन्न अधिक असते. निर्जंतुकीकरणात हयगय झाल्यास मनोऱ्याचे तुषार आजार पसरवू शकतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका अधिवेशनात उद्भवलेल्या तापाचे कारण पुढील वर्षी ‘लिजिओनेला’ या जीवाणूत सापडले, आणि तेव्हापासून कूलिंग टॉवरच्या स्वच्छतेकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले जाऊ लागले. पुनर्वापर हवा असेल, तर त्याबरोबर ही शिस्तही स्वीकारावी लागते.

समारोप

कूलिंग टॉवरची निवड करताना पुढील बाबी लेखी स्वरूपात निश्चित होणे आवश्यक आहे, असे वरील विवेचनावरून दिसून येते. क्षमता नाममात्र टनांत न लिहिता पाण्याचा प्रवाह, येणाऱ्या व जाणाऱ्या पाण्याचे तापमान आणि ओल्या फुग्याचे तापमान या चार आकड्यांत लिहावी. ओल्या फुग्याचे तापमान स्थानिक असावे व त्यात पुनरभिसरणाची भर धरावी. चिलर व मनोरा एकाच तापमानावर निवडावेत. सांद्रता-पटीची किमान मर्यादा ठरवून भरपाईच्या व ब्लोडाउनच्या नळांवर स्वतंत्र मीटर बसवावेत. महाविद्यालयांची स्वतःची सभागृहे व प्रयोगशाळाही आता वातानुकूलित होत असताना, ओल्या फुग्याचा साधा तापमापक आणि पाण्याचे दोन मीटर यांच्या आधारे भौतिकशास्त्र, भूगोल व वाणिज्य या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना हा हिशेब प्रत्यक्ष मांडता येण्यासारखा आहे.

मुंबईतील ज्या गच्चीवर हा मनोरा उभा असतो, तेथून शहापूरचे डोंगर दिसत नाहीत. मनोऱ्याच्या पाण्याचा मीटर मात्र त्या डोंगरांशी जोडलेला असतो. त्यावरचा आकडा रोज वाचला गेला, तर आकारमानातील चूक आणि झडपेतील गळती या दोन्ही गोष्टी पहिल्या महिन्यातच उघड होतील. आणि उंबरमाळीच्या परिसरात पडलेला पाऊस नेमका कशासाठी खर्च होतो, याचे उत्तर अंदाजाने नव्हे तर मोजमापाने देता येईल.